वाघीण दिवसभर टाक्यात का बसायची

आमच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचा आणि वाघाचा बच्चा एकत्र वाढवायची वेळ आली ती नाइलाजाने. दोघांच्याही आयांनी त्यांना टाकलं होतं आणि वयात जेमतेम तीन आठवड्यांचं अंतर होतं. बाटलीवर एकटं वाढलेलं पिल्लू माणसांना चिकटतं आणि पुढे आपल्या जातीत मिसळत नाही, म्हणून त्याला सोबती देतात. तिथवर सगळं बरोबरच होतं. ही सोबत सव्वादोन वर्षं चालू राहिली, हे मात्र मला अजून पटत नाही.

पर्यटकांना ही जोडी फार आवडायची आणि गर्दी होते म्हणून वरच्या अधिकाऱ्यांनाही. सिंह वाघिणीच्या मानेवर डोकं घासायचा, अंगावर रेलून झोपायचा. कळपातले सिंह एकमेकांना असेच भेटतात. वाघाची रीत वेगळी. तो तोंड मिटून नाकातून फुर्र फुर्र हवा सोडतो आणि समोरच्या वाघाने तसंच उत्तर द्यावं अशी त्याची अपेक्षा असते. सिंहाला हा आवाज काढताच येत नाही. आमचे जुने कीपर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी एकदा सांगितलं, "डॉक्टर, ही माझ्याकडे बघून फुरफुरते, त्याच्याकडे बघून कधीच बंद केलंय." चार पदवीधरांच्या अहवालांत नसलेली गोष्ट मामांच्या एका वाक्यात होती. ही सोबत तिला नकोशी झाल्याची ती पहिली खूण.

दुसरी खूण टाक्याची. वाघ पाण्यात बसतो, बहुतेकदा पाठमोरा उतरतो, मागचे पाय आधी. त्यामुळे मे महिन्यात ती टाक्यात असायची यात कुणाला नवल वाटलं नाही. पण ती डिसेंबरातही तिथेच बसायची. सिंह काठापर्यंत यायचा, पंजा भिजला की झटकून मागे फिरायचा. त्या अख्ख्या आवारात तो पोचू शकत नव्हता अशी तेवढीच एक जागा होती.

तिसरी खूण वजनाची. पिंजऱ्यांमधल्या बोळात काटा बसवून घ्यायला मला फार पत्रं लिहावी लागली, पण त्यामुळेच आकडे हाती आले. सिंह १३८ किलोवर गेला होता आणि वाघीण पाच महिने ९२ वर अडकली होती. जंत नव्हते, रक्त ठीक होतं. आठवड्यातला उपासाचा वार सोडला तर दोघांना रोज हाडासकट म्हशीचं मांस मिळायचं, दोन ढीग एकाच खोलीत. सिंह खाताना गुरगुरतो, कान पाडतो, पंजा उगारतो. कळपात हे रोजचंच, खाणं संपलं की सगळे पुन्हा एकमेकांना टेकून झोपतात. वाघ एकट्याने खाणारा प्राणी आहे. समोरच्याने दात दाखवले की तो शेवटचा इशारा समजतो. ती उठून जायची आणि तो दोन्ही ढीग संपवायचा. रजिस्टरमध्ये मात्र 'खाल्लं' अशीच नोंद व्हायची, कारण रकाना पिंजऱ्याचा आहे, प्राण्याचा नाही. हा रकाना बदला म्हणून मी आजही सांगतो आहे.

शेवटी दोघांना वेगळं करण्याचा आदेश आला तो वजनामुळे नाही, सिंह तिच्यावर चढू लागला म्हणून. संकर होऊ न देणं ही प्राणिसंग्रहालयाची जबाबदारी आहे. कोलकात्याच्या अलीपूरमध्ये १९७१ साली वाघ आणि सिंहिणीपासून रुद्राणी जन्मली. तिला पुढे सिंहापासून सात पिल्लं झाली. तेव्हा त्याचं कौतुक झालं. पण अशा प्राण्याला कुठल्याही संवर्धन कार्यक्रमात जागा नसते. "नसबंदी करून एकत्रच ठेवा," असंही एकाने सुचवलं. वृषण काढले तर सिंहाची आयाळ गळते. नुसती नळी कापली तर आयाळ राहते, पण चढणंही राहतं, मानेला चावणंही राहतं. शिवाय हा शुद्ध आशियाई सिंह, प्रजननासाठी हवा असलेला.

वेगळं करण्याचं काम दिसायला साधं असतं. दोन खोल्यांत दोघांना खायला घालायचं आणि मधलं दार पुन्हा उघडायचं नाही. सगळी मेहनत त्या दारात असते. उभ्या सरकत्या दाराच्या खालच्या खाचेत वाळू आणि हाडांचा चुरा साचतो, दार चार बोटं वर राहतं आणि तेवढ्या फटीतून पंजा सहज जातो. खाच खरवडून धुतली, तारेचा दोर बदलला, दार पूर्ण टेकल्यावरच खिट्टी बसते ना हे दहादा पाहिलं. शेजारच्या आवारांमध्ये दुहेरी जाळी लावली, दोन जाळ्यांत अर्धा मीटर अंतर. ठेकेदाराला एकच जाळी लावायची होती. २०११ मध्ये अंकाराच्या प्राणिसंग्रहालयात कुंपणातल्या फटीतून वाघाने एकच पंजा मारला, सिंहाच्या मानेची शीर तुटली आणि तो मेला, हे सांगितल्यावर त्याने दुसरी जाळी आणली.

भुलीची तयारी होती, वापरावी लागली नाही. झायलाझिन आणि केटामिन, दोघांसाठी वेगवेगळं भरलेलं. टिलेटामिन-झोलाझेपाम हे भुलीचं दुसरं औषध सिंहाला चालतं, पण वाघांत नंतर झटके आल्याच्या, तोल गेल्याच्या नोंदी आहेत. मार्जारकुळातले मोठे प्राणी म्हणजे सगळे सारखे, असं समजणारे डॉक्टर अजून भेटतात.

त्या संध्याकाळी साडेपाचला दार बसलं. वाघिणीने मांस उचललं, कोपऱ्यात नेलं, आमच्याकडे पाठ केली आणि सहा किलो हाडासकट संपवलं. नंतर पाय पसरून, कुशीवर पडून झोपली. तिला तशी झोपलेली आम्ही कुणीच पाहिली नव्हती. सिंहाने मांसाला तोंड लावलं नाही. रात्रभर तो दाराशी फेऱ्या मारत होता, हाक देत होता आणि ऐकत होता. सलग दोन दिवस त्याने खाल्लं नाही. महिनाभरात वाघीण १०१ किलोवर गेली, हिवाळ्यात टाक्यात बसणं थांबलं.

लोक मला जॉर्जियातल्या त्या तिघांचं उदाहरण देतात. अटलांटात २००१ साली एका घराच्या तळघरातून सोडवलेले सिंह, वाघ आणि अस्वल, जे २०१६ मध्ये सिंह मरेपर्यंत एकत्र राहिले. खरं आहे ते. प्राण्यागणिक स्वभाव वेगळा असतो, हे मी नाकारत नाही. पण एकत्र झोपलेले प्राणी सुखी आहेत की नाहीत हे फोटोत कळत नाही. कोण किती खातं, कोण आधी उठून जातं हे मोजावं लागतं.

डोक्यातून जात नाही तो सिंह. त्याच्या दृष्टीने त्याचा कळपच गेला. अदलाबदलीत सिंहीण मागवण्याचा प्रस्ताव केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे पाठवला आहे. ती आली की आधी विलगीकरण, मग जाळीतून ओळख, मग दिवसा थोडा वेळ एकत्र. मला काळजी आहे ती त्याच्या खेळण्याची. वाघिणीबरोबर वाढल्यामुळे तो मागच्या पायांवर उभा राहून दोन्ही पंजांनी भिडतो, वाघांसारखा. सिंह सहसा एक पंजा मारतो आणि बाजूला होतो. अनोळखी सिंहिणीसमोर तो तसा उभा राहिला तर ती त्याला हल्ला समजेल. म्हणून पहिल्या भेटीसाठी मी दोन बाहेर पडायची दारं असलेलं मोठं आवार मागितलं आहे, आणि मामांची ड्युटी त्या महिन्यात बदलू नये असंही लिहून दिलं आहे.