खणांत मुरलेला सुगंध काढताना

जुने लाकडी कपाट घरी आणून त्याचे खण उघडले, तेव्हा पूर्वीच्या मालकांनी वर्षानुवर्षे आत ठेवलेल्या सुगंधी पुड्यांचा वास इतका उग्र होता की, दम्याचा त्रास असलेल्या माझ्या मुलीला त्या खोलीत झोपवणे शक्य झाले नाही.

व्हिनेगरच्या पाण्याने पुसून आणि खाण्याचा सोडा पसरून पाहिले. वास दोन दिवस मंदावला आणि खण बंद करताच परतला. कपाट बाहेरून पॉलिश केलेले असले तरी खणांचे आतले लाकूड कोरे होते आणि अशा सच्छिद्र लाकडात सुगंधी तेले खोलवर मुरतात. त्यांतील कस्तुरीसारखा वास देणारी कृत्रिम द्रव्ये फार सावकाश उडतात, त्यामुळे नुसते वरवर पुसून भागत नाही.

एका परिचितांनी ओझोन सोडणारे यंत्र सुचवले. तो मार्ग मी जाणीवपूर्वक टाळला, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसांना अपायकारक आहे आणि सुगंधांतील लिमोनिन, लिनालूल यांच्याशी त्याची अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. मुलीसाठी हवा स्वच्छ करायची असताना हा धोका मला पत्करायचा नव्हता.

मग खण काढून रोज काही तास उन्हात ठेवले. लाकूड तापले की वास वाढे. आरंभी मी घाबरलो, परंतु मुरलेली द्रव्ये बाहेर पडत असल्याचेच ते चिन्ह होते. लाकूड वाकू नये म्हणून ऊन बेताचेच दिले आणि रात्री प्रत्येक खणात सक्रिय कोळशाच्या पिशव्या ठेवल्या. सोबतच्या खुर्चीच्या गादीतला फोम मात्र सरळ टाकून दिला.

आपले नाक वासाला लवकर सरावते. म्हणून धुतलेले सुती फडके रात्रभर बंद खणात ठेवून सकाळी बहिणीला घराबाहेर हुंगायला देत असे. तीन आठवड्यांनी वास पुसट झाला, तरी पूर्ण गेला नव्हता. तेव्हा आतील पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात दिले, जेणेकरून उरलेला वास लाकडातच अडकून राहावा. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर केले आणि स्पिरिटचा वास पूर्ण उडेपर्यंत खण घरात आणले नाहीत.

सर्वांत खालच्या खणातल्या फडक्याला बहिणीला अजून किंचित वास येतो, म्हणून तेवढा खण बाहेरच ठेवला आहे. मुलगी आता त्या खोलीत झोपते.