भाजे लेणी: रॅम्पच्या फळ्या घेऊन जाणाऱ्यांसाठी

चालायला त्रास होणाऱ्यांना लेण्यांतले उंबरे ओलांडता यावेत म्हणून तिथे दिवसभरापुरता लाकडी रॅम्प टाकायचा होता. ‘हलकं काम आहे, चार फळ्या टाकायच्या,’ असा निरोप आला होता. काम अजिबात हलकं नाही. लोणावळा लोकलने मळवली, पुढे एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाजे गाव, इथवर सोपं आहे. सामानासाठी टेम्पो करणार असाल तर भाडं लाकडासकट ठरवून घ्या. आम्हाला स्टेशनवर ४०० सांगितले आणि गावात उतरताना ८०० घेतले. सरळ लूट आहे ही.

खरा जीव जातो तो पायऱ्यांवर. सहा फुटी प्लायवूड दोघांनी धरलं की मागच्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि पायऱ्यांची उंचीही एकसारखी नाही. वळणावर फळी आडवी अडकली, तेव्हा खालून चढणारी माणसं खोळंबली आणि वरच्या मुलाचा हात कातळावर सोलवटला. फळ्या तीन फुटांच्याच कापून न्या, त्यांना पट्टे लावा, हातमोजे घाला. पाणी माणशी दोन लिटर.

सिमेंटचा रॅम्प का नाही, असं बरेच जण विचारतात. हे संरक्षित स्मारक आहे आणि १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे. खिळाही ठोकायचा नाही. सुटा रॅम्प आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, तोही पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी हातात असेल तरच.

काठी टेकत, आमच्यातल्या एकाच्या खांद्यावर हात ठेवून, एक दृष्टिहीन काका आले होते. चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्यात, आम्ही त्यांच्यापुढे त्याच लेण्याचं प्लास्टरचं मॉडेल ठेवलं. बोटं फिरवता फिरवता ते एका खांबाशी थांबले. “हे आत कललेत का हो?” कललेतच. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या कारागिरांनी लाकडी बांधणी दगडात उतरवताना खांबांचा कलही तसाच ठेवला. आम्ही डोळस माणसं सकाळपासून तिथे वावरत होतो, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्या क्षणी सगळा शीण गेला. मॉडेल न्याच, रॅम्प राहिला तरी चालेल.

कारण आपल्या फळ्यांनी वरचे उंबरे तेवढे सुटतात, खालचा चढ तसाच राहतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला ‘या, सोय झालीय’ असं आज कोणीही सांगू नये. चौघांनी खुर्ची उचलून नेणं म्हणजे सोय नव्हे, बसलेल्याचा जीव टांगणीला लागतो. पावसाळ्यात तर हा बेतच करू नका, पायऱ्यांवर शेवाळ असतं. हेच जवळच्या कार्ला लेण्यांत करणार असाल तर रविवार टाळा, एकवीरेच्या गर्दीत फळी वर जाणार नाही.