लाल रंग एक ओळ वर

एप्रिल-मे म्हणजे आमच्या गाळ्यावर चहा गार होतो आणि तसाच प्यावा लागतो. वाशीच्या फळबाजारात एका अडत्याकडे मी हिशेब बघते. बाजारात या कामाला मेहताजी म्हणतात. बाई असेल तर काय म्हणायचं हे कुणी ठरवलेलं नाही, म्हणून मी सगळ्यांची ताई. देवगड-रत्नागिरीच्या गाड्या रात्रीच उतरतात. सहाला मी कोपरखैरण्याहून पोचते, तोवर निम्म्या पेट्या उधारीवर गेलेल्या असतात.

उधारी आठ दिवसांची. मुदत उलटली की शेठ वहीत त्या नावाला लाल पेनाने गोल करायचे. ती वही मी एक्सेलमध्ये आणली: ए तारीख, बी गिऱ्हाईक, सी पेट्या, डी रक्कम, ई मुदत, एफ जमा. वाटलं, गोलसुद्धा एक्सेलच करेल. कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की घर, म्हणजे सेल, रंगवणारी सोय), न्यू रूल, आणि त्यातला फॉर्म्युल्याचा पर्याय. तिथे लिहिलं:

=अँड($एफ2="",$ई2<टुडे())

(शीटमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं.) म्हणजे पैसे जमा नाहीत आणि मुदत गेलीय, तर ओळ लाल. डॉलर अक्षराच्या आधी, आकड्याच्या आधी नाही. त्यामुळे ओळीतलं प्रत्येक घर ई आणि एफकडेच बघतं, पण ओळ मात्र आपापली. डॉलर विसरलात तर नावाचं घर एफ आणि जीकडे बघायला लागतं, आणि शीटला गोवर आल्यासारखे कुठेही ठिपके उठतात. आणखी एक छळ: त्या चौकटीत चूक सुधारायला बाण दाबला की कर्सर सरकायच्या ऐवजी भलत्याच घराचा पत्ता आत घुसतो. आधी एफ2 ही कळ दाबायची. हे मला कळायला अख्खा एक सीझन गेला.

तर, ओके दाबलं आणि खालच्या सगळ्या रिकाम्या ओळी लालभडक. रिकामं घर एक्सेल शून्य धरतं, आणि तारखेच्या हिशेबात शून्य म्हणजे जानेवारी 1900 च्याही आधी. इतकी जुनी उधारी आमच्या शेठच्या आजोबांनीही दिली नसेल. $ई2<>"" ही तिसरी अट घातली, म्हणजे मुदतीचं घर रिकामं नसेल तरच, आणि लाल ओसरलं.

खरी फजिती पुढे झाली. पहिली लाल ओळ बघून मी दादरच्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला. "ताई, काल संध्याकाळी रोख देऊन गेलो की!" माणूस शांतपणे बोलला, म्हणून जास्तच लाज वाटली. शीट बघितलं तर त्याच्या एफमध्ये कालची तारीख होती, माझ्याच हातची. तरी ओळ लाल. कारण रूल लावताना मी मथळ्यासकट, म्हणजे पहिल्या ओळीपासून निवड केली होती, आणि सूत्र लिहिलं होतं दुसऱ्या ओळीचं. एक्सेल निमूटपणे प्रत्येक ओळीला तिच्या खालच्या ओळीचा हिशेब लावत होतं. थकबाकी खालच्याची, लाल वरचा. आता मी ए2 वरूनच ओढत खाली जाते.

एवढं करूनही सगळ्यात मोठी बाकी पांढरीच राहिली. पन्नास पेट्या, मुदत उलटून दोन आठवडे. बराच वेळ त्या घराकडे बघत बसले, तेव्हा दिसलं की बाकीच्या तारखा घराच्या उजव्या कडेला टेकल्यात आणि ही एकटी डावीकडे. गाळ्यावरच्या पोराने टिंब देऊन 15.4.25 टाईप केलं होतं. एक्सेलच्या लेखी ती तारीखच नाही, अक्षरं. आणि अक्षरं ते कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरतं, म्हणजे या गिऱ्हाइकाची मुदत कधीच उलटणार नव्हती. मग दुसरा रूल केला, =इझटेक्स्ट($ई2), म्हणजे मुदतीच्या घरात अक्षरं असतील तर रंग पिवळा. पोराला सांगितलंय, पिवळं दिसलं की मला हाक मार. रोज एक-दोनदा मारतो.

शेठना शीट दाखवलं. खूश झाले, म्हणाले, "मला याची प्रिंट दे." गाळ्यावरचा प्रिंटर काळापांढरा. लाल आणि पिवळं, दोन्ही राखाडी होऊन आलं. शेठनी कागद दोनदा उलटसुलट केला, खिशातलं लाल पेन काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सांग, गोल कुठे कुठे करू?"