ताम्हिणी घाट आणि तीन जुन्या टू-स्ट्रोक: ऑइल कुठलं, गळती कुठली

कोथरूडहून पहाटे निघालो. माझी येझदी रोडकिंग, भाच्याची आरएक्स 100 आणि सोसायटीतल्या काकांची राजदूत 175. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी, मग विळे आणि माणगाव. जेवून त्याच रस्त्याने परत. एका बाजूला शंभरेक किलोमीटर. पाऊस नुकताच ओसरला होता, डोंगर अजून हिरवे होते आणि धबधब्यांखालची गर्दी आटली होती. जुन्या गाड्या घेऊन जायचं तर हाच हंगाम बरा. भर पावसात शनिवार-रविवारी या घाटात फक्त क्लच दाबून उभं राहावं लागतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ते मुळीच मानवत नाही.

पौडला चहाला थांबलो तेव्हा राजदूतखाली डाग पडायला लागला होता. काका म्हणाले, "गिअरबॉक्सचं सील गेलं. मेकॅनिक म्हणालाच होता, 90 नंबरचं गिअर ऑइल टाकू, घट्ट असतं, गळणार नाही." मी बोटाने डाग उचलून वास घेतला. पेट्रोलचा वास आणि रंग निळसर. गिअरबॉक्सचं ऑइल करडं-तपकिरी असतं आणि त्याला जळका वास येतो. हे कार्बोरेटरमधून ओघळणारं मिश्रण होतं. पेट्रोल उडून जातं, टू-टी (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) मागे राहतं आणि इंजिनच्या पोटाला तेलाचा थर बसतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की इंजिन गळतंय. पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर उघडला, पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या बैठकीवर गंजाचा कण अडकला होता तो पुसला, काम झालं. जुन्या गाड्यांच्या निम्म्याअधिक 'ऑइल लीक' तक्रारी अशाच निघतात असं माझं मत आहे. गाडी उभी करताना कॉक बंद करायची सवय लावा. सुई गळकी असेल तर रात्रभरात पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, उतरतं आणि सकाळी किक मारताना घाम फुटतो.

नक्की कुठून गळतंय ते शोधायची पद्धत साधी आहे. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने इंजिन स्वच्छ पुसायचं, कोरडं करायचं, अंगाला लावायची पावडर सगळीकडे भुरभुरायची आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणायची. पावडर जिथे आधी ओली होते ते उगमस्थान. पुसल्याशिवाय शोधायला गेलात तर वाऱ्याने तेल मागे पसरलेलं असतं आणि भलतंच सील बदललं जातं.

90 नंबरचा सल्ला इतक्या गॅरेजांत ऐकायला मिळतो की त्यावर थोडं जास्त लिहितो. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे एका मापातले नाहीत. गिअर ऑइलचं 90 हे घट्टपणात इंजिन ऑइलच्या 40-50 च्या आसपासच येतं. म्हणजे गळती थांबेल इतकं घट्ट ते नसतंच. शिवाय येझदी-जावामध्ये क्लचच्या प्लेटा आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात. गिअर ऑइलमधल्या जास्त दाबासाठीच्या रसायनांमुळे क्लच घसरू किंवा चिकटू शकतो, आणि त्यातला गंधक काही पितळी बुशांना खातो. कारचं इंधन वाचवणारं पातळ ऑइलही नको, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच स्लिप होतो. डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलं 20डब्ल्यू-40 किंवा 20डब्ल्यू-50 साधं मिनरल ऑइल घ्या. माझ्या रोडकिंगमध्ये तेच आहे. लेव्हल मॅन्युअलप्रमाणे ठेवा. जास्त भरलेलं ऑइल किकच्या शाफ्टमधून बाहेर येणारच, त्यात सीलचा दोष काय?

ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सचं हवेचं भोक, तेही बघा. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट चिखलाने, ग्रीसने किंवा हौशी रंगकामाने बुजली असेल तर हवा सीलच्या ओठातून तेल घेऊन बाहेर पडते. मग सील बदला, पुन्हा बदला, गळती तशीच.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं गणित वेगळं. भाच्याने मुळशीला विचारलं, "मामा, टू-टी जास्त पडलं तर इंजिन जास्त टिकेल ना?" आरएक्सला ऑइलचा वेगळा पंप आहे, त्याच्या मेकॅनिकने जास्त ऑइल पडावं म्हणून पंपाची केबल ओढून ठेवली होती. पंपावरची खूण जुळवायला असते, ती तशीच जुळलेली हवी. हाताने मिसळणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं: ऑइल वाढवलं की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), इंजिन तापतं, वर कार्बन साचतो आणि रिंगा खाचेत अडकतात. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी बघा. एफडी जास्त स्वच्छ जळतं. टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं ऑइल पाण्यावरच्या बोटींच्या इंजिनांसाठी असतं. ती इंजिनं पाण्याने थंड होतात, आपल्या गाड्यांना ते नको.

प्रमाण: 1:40 म्हणजे लिटरला 25 मिलि, 1:33 म्हणजे 30, 1:25 म्हणजे 40. मी रोडकिंगला एफडी ऑइल लिटरला 30 मिलि घालतो. पिस्टन पिनला नीडल बेअरिंगऐवजी बुश असलेल्या आणखी जुन्या इंजिनांना थोडं जास्त लागतं. 1:20 हा जुना आकडा त्या काळच्या ऑइलचा आहे, आजच्या ऑइलला तो लावला तर सायलेन्सरच्या सांध्यातून काळं पाणी ओघळतं. त्यालाही लोक गळती म्हणतात. ते न जळलेलं तेल असतं: प्रमाण जास्त, चोक अर्धवट ओढलेला किंवा सायलेन्सर कार्बनने भरलेला. मोजायला औषधाच्या दुकानातली सिरिंज पुरते. ऑइल सोबत बाटलीत न्या, आणि पेट्रोल पौडपर्यंतच भरून घ्या.

आता ज्या गळतीचा जमिनीवर डाग पडत नाही ती. क्रँकला दोन्ही बाजूंना सील असतात, आणि टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस श्वास घेतं, म्हणून फाटलेलं सील आत ओढतं. येझदीत डाव्या, म्हणजे क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढून जळतं. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि खाली एक थेंब न पडता लेव्हल उतरते. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत जाते, थ्रॉटल सोडल्यावरही रेस चढलेली राहते, मिश्रण लीन होतं आणि घाटात पिस्टन चिकटतो. बाहेरच्या गळतीने पॅन्ट खराब होते, आतल्या गळतीने बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. घाटात जायच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करायचे, सायकलच्या पंपाने 6 पीएसआय हवा भरायची, सहा मिनिटं काटा टिकला पाहिजे. टिकला नाही तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात.

सील बसवताना ओठाला ग्रीस, शाफ्टच्या आट्यांवर टेप, आणि शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच असेल तर नवं सीलही गळेल हे आधीच धरून चाला. पुण्यात नाना पेठेत नायट्राइल रबराची सीलं सहज मिळतात. मिळाली तर व्हायटनची घ्या, उष्णता आणि इथेनॉल दोन्ही जास्त सोसतात. क्रँककेसचे दोन भाग स्क्रूड्रायव्हरने उचकटणाऱ्या मेकॅनिकला गाडी देऊ नका. पृष्ठभागावर ओरखडा उमटला की मग ट्यूबभर सिलिकॉन फासायची वेळ येते, आणि साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून त्याचे तुकडे आत जातात. जुने फिटर कागदी पॅकिंगला शेलॅकचा पातळ हात देत, ते आजही चालतं. ड्रेनचा तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो, नवा नसला तरी भागतं.

ताम्हिणीचा उतार तीनही गाड्यांनी नीट पार पाडला, पण तो उतरायची रीत आहे. मिसळलेल्या पेट्रोलच्या गाडीत तेल पेट्रोलबरोबरच येतं. थ्रॉटल बंद करून दुसऱ्या गिअरवर इंजिन किंचाळत उतरवलं तर फेरे भरपूर आणि तेल जवळजवळ नाही. म्हणून वेग ब्रेकने आवरा, आणि प्रत्येक वळणानंतर क्लच दाबून थ्रॉटल क्षणभर उघडा. आरएक्सचा पंप फेऱ्यांवरही चालतो, तिला थोडं तरी तेल मिळत राहतं. येताना चढावर ऊन होतं, म्हणून माथ्यावर थांबून फिन्सना हवा लागू दिली.

परतल्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करा. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने ओलावा ओढला की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, आणि पुढच्या वेळी इंजिनात आधी तळाचाच थर जातो.