मोंढ्यातल्या सर्व्हरवरचे परके पत्ते : आमची वाटचाल

मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघा भागीदारांनी औसा रोडवर एक गाळा भाड्याने घेऊन आमच्या व्यवसायाची सुरुवात केली. पतसंस्था, खासगी शिकवण्या, दाळ मिल आणि आडत दुकाने यांची संकेतस्थळे तयार करायची, त्यांचे हिशेबाचे संगणक चालू ठेवायचे आणि वर्षाच्या करारावर देखभालीचे पैसे घ्यायचे, एवढेच कामाचे स्वरूप होते. त्याच वर्षी जूनमध्ये ॲमेझॉनचे क्लाउड केंद्र, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचे ठिकाण, मुंबईत सुरू झाले. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरच्या भरवशावर सर्व्हर चालवण्याची कटकट त्यामुळे बऱ्याच ग्राहकांच्या मागची सुटली आणि आमचेही काम वाढले. आज मात्र मोंढ्यातले लोक आम्हाला ओळखतात ते एका जोडकामामुळे. ग्राहकांच्या सर्व्हरवर चाल करून येणारे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीची ओळख सांगणारे क्रमांक, टिपणे, त्यांची शहानिशा करणे आणि तो पत्ता ज्यांच्या जाळ्यातला आहे त्यांना रीतसर कळवणे, हे ते काम होय.

नवा सर्व्हर इंटरनेटला जोडल्यानंतर त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, पहिली परकी ओळ उमटायला फारसा वेळ लागत नाही. लिनक्स सर्व्हरवर बाहेरून प्रवेश करण्यासाठी साधारणपणे २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे ये-जा करण्याचे क्रमांकित दार, उघडे असते, आणि त्या पोर्टवर कोणीतरी ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘ओरॅकल’ अशी नावे घेऊन एकामागून एक पासवर्ड वापरून पाहू लागतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद लॉगमध्ये वेळ, वापरलेले नाव, आलेला पत्ता आणि पलीकडच्या पोर्टचा क्रमांक यांसह होते. अशा नोंदींचा एक कागद आम्ही एका दाळ मिलच्या मालकांसमोर ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवत विचारले, “अहो सर, आमच्या तुरीच्या दाळीत ह्या लोकांना काय सापडणार आहे?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर असे की, त्यांच्या मिलचे नाव हल्लेखोराला ठाऊकही नसते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत आणि हा आकडा माणसाला मोठा वाटला तरी यंत्राला तसा वाटत नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. चांगल्या वेगाची जोडणी असेल तर एकच संगणक त्याच्या साहाय्याने सगळ्या सार्वजनिक पत्त्यांवरचे एखादे पोर्ट उघडे आहे की बंद, हे पाऊण तासाच्या आत तपासू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. रात्री गल्लीतून फिरत प्रत्येक दाराची कडी हलवून पाहणारा जसा दारावरची पाटी वाचत बसत नाही, तसाच हा प्रकार आहे. घरात काय आहे याचा विचार कडी निघाल्यानंतर होतो, आणि काहीच हाती लागले नाही तरी त्या संगणकाची ताकद आणि त्याचा पत्ता पुढच्या हल्ल्यासाठी वापरता येतोच.

सुरुवातीची काही वर्षे आम्ही इतरांप्रमाणेच अडवण्यावर भर दिला. त्यासाठी फेलटूबॅन हे मोफत साधन अजूनही वापरतो. ते लॉगवर नजर ठेवते आणि ठरावीक वेळेत ठरावीक चुका झाल्या की तो पत्ता फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा तपासणाऱ्या पहाऱ्यात, काही काळापुरता बंद करते. मूळ मांडणीत ही मर्यादा दहा मिनिटांत पाच चुका आणि दहा मिनिटांची बंदी अशी असते, पण ती डोळे झाकून सगळीकडे लावता येत नाही. लातूरमध्ये शिकवण्यांच्या सराव परीक्षा ऑनलाइन होतात. एकेका वसतिगृहातली सगळी मुले एकाच वायफायवरून, म्हणजे बाहेरून पाहता एकाच पत्त्यावरून, त्याच पाच-दहा मिनिटांत लॉगिन करतात आणि त्यांतली चार-सहा मुले पासवर्ड विसरलेली असतातच. अशा ठिकाणी पत्ता बंद करणे म्हणजे अख्ख्या वसतिगृहाला परीक्षेबाहेर काढणे होय. म्हणून परीक्षेच्या संकेतस्थळांवर पत्त्याऐवजी खात्यानुसार मर्यादा घालायची, असा नियम आम्ही पहिल्यापासून ठेवला.

अडवण्यापुरते मर्यादित असलेले आमचे काम कळवण्याकडे वळले, ते आमच्याच एका ग्राहकाविरुद्ध आलेल्या तक्रारीमुळे. परदेशातील एका अनोळखी सर्व्हर-चालकाने लिहिले होते की, अमुक पत्त्यावरून माझ्या यंत्रांच्या २३ क्रमांकाच्या पोर्टवर सतत प्रयत्न होत आहेत. इंटरनेट पुरवठादाराने ती मेल मिलला आणि मिलने आम्हाला पाठवली. मिलमधले सगळे संगणक तपासले, पण कोणत्याही संगणकात काहीच आढळले नाही. तक्रारीत मात्र जागतिक प्रमाणवेळेनुसार सेकंदापर्यंतची वेळ, आमच्या बाजूच्या पोर्टचा क्रमांक आणि लॉगच्या मूळ ओळी जोडलेल्या होत्या. त्या वेळेत साडेपाच तास मिळवून राउटरच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर बोट ठेवले गेले ते गोदामातल्या वजनकाट्याच्या वर, भुशाच्या धुळीने माखलेल्या कॅमेरा रेकॉर्डरवर. तो बसवणाऱ्याने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता आणि बाहेरून चित्र दिसावे म्हणून तो थेट इंटरनेटवर उघडा सोडला होता.

अशा रेकॉर्डरांची आणि राउटरांची फौज काय करू शकते, हे जगाने २०१६ मध्येच पाहिले होते. मिराई नावाचा घातक प्रोग्राम साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून अशी उपकरणे ताब्यात घेत असे. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्याच जातीच्या फौजेने डिन या नामसेवा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगण्याची सेवा) पुरवणाऱ्या कंपनीवर हल्ला केल्यावर अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास नीट उघडत नव्हती. मिराईची एक गंमत म्हणावी की गोची, तो फक्त उपकरणाच्या चालू स्मृतीत राहतो. वीज गेली की तो पुसला जातो, आणि पासवर्ड तोच असेल तर वीज आल्यानंतर थोड्याच वेळात कोणीतरी त्याला पुन्हा आत सोडतो. मराठवाड्यात दिवसातून एकदा तरी दिवे जातात, त्यामुळे आमचा रेकॉर्डर रोज शुद्ध होऊन रोज बाटत असणार. पासवर्ड बदलला, दूरवरून आत येण्याची जुनी टेलनेट सोय, म्हणजे तेच २३ क्रमांकाचे पोर्ट, बंद केली, बाहेरचे दार राउटरवर लावले आणि तक्रार करणाऱ्या गृहस्थांना दोन ओळींचे उत्तर पाठवले.

या प्रकरणातून आमचे एक मत पक्के झाले आणि ते आजतागायत बदललेले नाही. लॉगमधला पत्ता हा बहुतेक वेळा चोराचा नसतो, तर आधीच चोरी झालेल्या घराचा असतो. तेव्हा तक्रार लिहायची ती पलीकडच्या प्रामाणिक माणसाला आपल्या घरातले बिघडलेले यंत्र शोधता यावे अशी लिहायची. ‘तुमच्या जाळ्यातून हल्ला होत आहे, त्वरित कारवाई करा’ एवढ्याच मजकुराच्या मेल आम्हालाही येतात. त्यांत ना वेळ असते ना पोर्ट, आणि त्यांवरून साक्षात ब्रह्मदेवालाही काही शोधता येणार नाही.

आमची रीत आता ठरलेली आहे. पत्ता मिळाला की तो कोणाच्या वाट्याचा आहे हे हूइज या पत्त्यांच्या मालकीच्या सार्वजनिक नोंदीतून पाहायचे. जगातील पत्त्यांचे वाटप पाच प्रादेशिक नोंदणी संस्था करतात. आपल्या भागासाठी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील एपीनिक आहे, युरोपसाठी ॲमस्टरडॅमची राइप आहे आणि भारतापुरते हे काम निक्सीच्या, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या, अखत्यारीतील आयरिन पाहते. नोंदीत गैरवापराच्या तक्रारींसाठी वेगळा संपर्क दिलेला असतो, तिथेच मेल पाठवायची, कारण संकेतस्थळावरच्या विक्री विभागाला पाठवलेली मेल कुठेच पोहोचत नाही. मेलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची, दोन्ही बाजूंची पोर्ट लिहायची, लॉगच्या मोजक्या ओळी जोडायच्या आणि ग्राहकाची खासगी माहिती त्यातून काढून टाकायची. पलीकडच्या पोर्टचा आग्रह अनेकांना अनाठायी वाटतो. पण मोबाइल कंपन्या आणि पुष्कळ ब्रॉडबँड पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी शेकडो वर्गणीदारांत वाटून देतात आणि त्या गर्दीतून नेमके घर ओळखायचे तर वेळ आणि पोर्ट यांच्याशिवाय दुसरा धागा नसतो.

काय कळवायचे नाही, याची यादीही तितकीच जपावी लागते. यूडीपी, म्हणजे पलीकडच्या होकाराची वाट न पाहता माहिती पाठवण्याच्या, पद्धतीने आलेल्या माऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, त्यामुळे त्या पत्त्याच्या नावाने बोंब मारली तर भलत्याच निरपराध माणसाला त्रास होतो. टीसीपीमध्ये दोन्ही बाजूंचा होकार होऊन जोडणी पूर्ण झालेली असेल, तरच पत्ता खरा मानून पुढे जातो. शिवाय शॅडोसर्व्हर किंवा सेन्सिस यांसारख्या संस्था संशोधनासाठी सगळ्या इंटरनेटची पाहणी करत असतात. त्या दार वाजवतात, पण पासवर्ड चालवून पाहत नाहीत. नव्याने कामाला लागलेली आमची पॉलिटेक्निकची मुले पहिल्या आठवड्यात त्यांचीच तक्रार करायला निघतात आणि त्यांना थांबवणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो.

मोंढ्यातला सगळ्यात मोठा धोका मात्र लिनक्सचा नाही, तो टॅलीच्या संगणकाचा आहे. दिवाणजींना संध्याकाळी घरून नोंदी करता याव्यात म्हणून कोणीतरी राउटरवर ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, थेट उघडून देतो. पासवर्ड दुकानाच्या नावापुढे वर्ष जोडून केलेला असतो. अशा संगणकाच्या इव्हेंट लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या प्रवेशाच्या, नोंदींची रांग लागते आणि एखादे दिवशी त्या रांगेनंतर ४६२४, म्हणजे यशस्वी प्रवेशाची, नोंद दिसते. पुढच्या सकाळी हिशेबाच्या सगळ्या फायली कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी पडद्यावर असते. तोपर्यंत पत्ता कळवून काही उपयोग नसतो. म्हणून आम्ही हे पोर्ट उघडे असलेल्या ग्राहकाशी वर्षाचा करारच करत नाही. आधी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत येण्याचा सुरक्षित खासगी मार्ग, मग सही. यामुळे काही गिऱ्हाइके गेली. त्यांची नावे अजूनही आमच्या उधारीच्या वहीत आहेत, हा भाग वेगळा.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने, म्हणजे देशाच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद यंत्रणेने, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७०ब कलमाखाली निर्देश काढले. ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या, लॉग १८० दिवस जपायचे आणि सर्व यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची, हे त्यातले मुख्य मुद्दे होत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना त्यासाठी त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली होती. सहा तासांच्या अटीवर पुष्कळ चर्चा झाली, पण आमच्या भागात खरी अडचण घड्याळांची निघाली. एका पतसंस्थेच्या तीन संगणकांवर तीन वेगळ्या वेळा होत्या आणि त्यांतला एक तर बॅटरी संपल्यामुळे कित्येक वर्षे मागे जगत होता. अशा लॉगला पुरावा म्हणून कवडीची किंमत नसते. त्या पावसाळ्यात आम्ही बाकी काम बाजूला ठेवून गावोगाव घड्याळे जुळवली आणि लॉग दुसऱ्या यंत्रावर साठवण्याची सोय करून दिली, कारण आत शिरलेला माणूस निघताना आधी लॉग पुसतो.

सार्वजनिक काळ्या याद्यांशीही आमचे नाते दुहेरी आहे. ॲब्यूजआयपीडीबी किंवा जर्मनीतील ब्लॉकलिस्ट-डीई अशा ठिकाणी आम्ही पत्ते नोंदवतो, आणि स्पॅमहॉसच्या ज्या यादीत गुन्हेगारांनी बळकावलेले पत्त्यांचे आख्खे गट असतात ती फायरवॉलला जोडतो. पण भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरला पूर्वीच्या भाडेकरूने बदनाम केलेला पत्ता मिळाला की आमच्याच ग्राहकाच्या मेल परत येऊ लागतात आणि नाव काढून घेण्यासाठी अर्ज करत बसावे लागते. त्यामुळे नोंदवलेला पत्ता कायमचा बंद करण्याला आमचा विरोध आहे. आमच्या फायरवॉलमधली प्रत्येक बंदी मुदतीची असते आणि मुदत संपल्यावर आपोआप उठते.

उत्तरे किती येतात, असे ग्राहक विचारतात. बहुतेकदा यंत्राने पाठवलेली पोच येते, कित्येकदा तीही येत नाही, आणि काही होस्टिंग कंपन्या तर आमची तक्रार जशीच्या तशी त्या भाडेकरूलाच पाठवून मोकळ्या होतात. विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्याकडून मात्र माणसाने लिहिलेले उत्तर हमखास येते. हल्लेखोराला पकडून देण्याचे काम आमचे नाही आणि तसे आश्वासन आम्ही कोणाला देत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हे आम्ही प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर छापले आहे.

सध्या आमची साधने नव्याने लिहिण्याचे काम चालू आहे, कारण आयपीच्या सहाव्या आवृत्तीतून येणारे प्रयत्न वाढले आहेत. तिथे एका साध्या वर्गणीदारालाही किमान ६४ बिटांचा गट, म्हणजे मोजता न येण्याइतके पत्ते मिळतात आणि प्रत्येक प्रयत्न नव्या पत्त्यावरून करणे त्याला सहज शक्य असते. म्हणून एकेक पत्ता न मोजता तो संपूर्ण गट एक घर धरून मोजायचा, बंदीही गटाला घालायची आणि तक्रारीत गट व त्यातला नेमका पत्ता दोन्ही लिहायचे, अशी मांडणी आम्ही दोन पतसंस्थांच्या सर्व्हरवर चाचणीसाठी लावली आहे. दिवाळीनंतर ती बाकीच्या ग्राहकांकडे न्यायची आहे.