पुडीवरचा नंबर : आमची वाटचाल

सुरतेतल्या उधन्यात आम्ही माणसाच्या अस्थींतल्या कार्बनपासून हिरा करून देतो. कारखान्यात कोणी आलं की मी आधी लोखंडी कपाट उघडून दाखवतो, हिरा करायचा प्रेस नंतर. कपाटात पुड्या आहेत. प्रत्येक पुडीवर नंबर, तारीख, वजन आणि दोन सह्या, एक आमची, एक घरच्यांची. हिरा प्रेसमध्ये होतो, पण आमचा धंदा या कपाटात आहे. तयार हिरा कोणाच्या अस्थींचा, हे कुठलीही लॅब सांगू शकत नाही. चितेच्या आगीत डीएनए टिकत नाही आणि कार्बनवर कोणाचं नाव नसतं. सर्टिफिकेट एवढंच सांगतं की हिरा लॅबमध्ये वाढवलेला आहे आणि कोणत्या पद्धतीने. तो आजोबांचा की महिधरपुऱ्याच्या बाजारातून उचललेला, ते फक्त रजिस्टरला माहीत.

मी मूळचा नंदुरबार तालुक्यातला. १९९१ साली सुरतेला आलो आणि वराछ्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसलो. २००६ च्या पुरात खोली गेली, २००८ च्या मंदीत नोकरी गेली. त्या कारखान्याचे मॅनेजर काठियावाडी, आम्ही सगळे त्यांना मोटाभाई म्हणायचो. तेही त्याच दिवशी घरी बसले. परदेशात राखेपासून हिरा करून देतात, स्वित्झर्लंडमध्ये २००४ पासून हे काम चालू आहे, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. मला म्हणाले, ‘‘तुमच्याकडे अस्थी सावडतात, आमच्याकडे फूल वीणतात. माणूस ठेवायला काहीतरी मागतोच.’’ २०१२ मध्ये दोघांनी मिळून एक जुना क्यूबिक प्रेस घेतला. त्यांनी घर गहाण टाकलं, मी बायकोचे दागिने.

प्रेसबद्दल थोडं सांगतोच. मधोमध पायरोफिलाइट या मऊ दगडाचा ठोकळा आणि सहा बाजूंनी दाब देणाऱ्या टंगस्टन कार्बाइडच्या सहा ऐरणी, म्हणजे ॲन्व्हिल. ठोकळ्यात खाली बारीकसा सीड, म्हणजे बियाण्यासारखा हिऱ्याचा कण, त्यावर लोखंड-निकेलची चकती, वर कार्बन. वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि चौदाशे अंशांच्या आसपास उष्णता. कार्बन वितळलेल्या धातूत विरघळतो, खालच्या जरा थंड बाजूला उतरतो आणि सीडवर बसत जातो. मोटाभाई तेलाच्या पाइपवर तळहात ठेवून बसायचे. गेजचा काटा हलायच्या आधी त्यांच्या हाताला कळायचं की दाब उतरतोय. पहिलं दीड वर्ष ठोकळा फोडला की आत काळा गाळच निघायचा.

२०१४ मध्ये शहाद्याहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. आमच्या सगळ्या कारखान्याच्या त्या ‘बाई’. यजमानांच्या अर्ध्या अस्थी त्यांनी प्रकाशाच्या संगमावर सोडल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या, यजमानांच्याच पितळी पानाच्या डब्यात घालून, मांडीवर घेऊन बसने आल्या. मी डबा उघडला आणि त्यांना स्पष्ट सांगितलं, ‘‘बाई, यात जे काळं दिसतंय ना, ते सर नाहीत. तो लाकडाचा कोळसा आहे.’’

हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. माणसाच्या देहातला बहुतेक कार्बन धूर होऊन जातो. मागे उरतं ते मुख्यतः हाडाचं कॅल्शियम फॉस्फेट, आणि कार्बन शेकड्यात जेमतेम एक-दोन. लाकडाच्या चितेत मात्र कोळसा भरपूर. पटकन हाताला लागणारा कार्बन तो लाकडाचाच. आम्ही बॅटरी आणि चिमटा घेऊन एकेक हाड वेगळं करतो, कोळसा पुडीत बांधून घरच्यांना परत देतो आणि मग हाडातला कार्बन काढायला घेतो. यातच आठवडे जातात. केस मिळाले तर काम पुष्कळ सोपं होतं, कारण केसाच्या वजनात निम्मा कार्बन असतो.

बाई चौदा महिने थांबल्या. तीन वेळा प्रेस लावला. पहिल्यांदा सीड सरकला, दुसऱ्यांदा खड्यात धातू अडकला, तिसऱ्यांदा जमलं. पॉलिश होऊन ३२ सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) हिरा आला, पिवळा. नायट्रोजन राहिला की हिरा पिवळाच होतो. पांढरा हवा असेल तर आत टायटॅनियम घालून नायट्रोजन धरून ठेवावा लागतो, आणि तेव्हा आम्हाला ते नीट साधत नव्हतं. मी रंगाबद्दल माफी मागायला लागलो. बाईंनी खडा तळहातावर फिरवला. ‘‘हळदीचा रंग आहे. काय वाईट आहे?’’ म्हणाल्या. त्या दिवशी मोटाभाई बाहेर ओट्यावर जाऊन रडले.

पुढची पाच वर्षं बरी गेली. दुसरा प्रेस आला, कर्ज फिटलं. २०१९ मध्ये मोटाभाई गेले. त्यांच्या घरच्यांनी सगळ्या अस्थी चाणोदला नर्मदेत सोडल्या. आम्ही मागितल्या नाहीत, ते मागायचं नसतं.

मग २०२१. त्या उन्हाळ्यात रोज कोणी ना कोणी यायचं. कोणाकडे अस्थींची अर्धी मूठ, कोणाला स्मशानातून नुसता एक कलश मिळालेला, आणि तो आपल्याच माणसाचा की नाही याचीही खात्री नाही. अशांचं काम मी घेतलं नाही, त्यावरूनही बोलणी खाल्ली. जुलैच्या एका रात्री, दोन वाजून गेलेले, मोठ्या प्रेसमध्ये ब्लोआउट झाला. दाब एका कडेने निसटला आणि बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. सहापैकी चार ॲन्व्हिल तडकले, ठोकळ्याची भुकटी झाली. आत नाशिकच्या एका घराचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. होता असंच म्हणतो मी. त्याच्या अस्थींतून निघालेला सगळाच्या सगळा कार्बन आम्ही एका ठोकळ्यात घातला होता. बाकीच्या अस्थी रामकुंडात सोडून झालेल्या.

सकाळी फोन करायला माझ्याने होईना. बायको म्हणाली, फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. संध्याकाळच्या गाडीने निघालो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसून जे झालं ते सांगितलं. वडील उठून आत गेले. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमधून त्यांनी एक लाल खणाची पिशवी काढली. त्यात मुलाचं जावळ होतं, वर्षाच्या आत काढलेलं, मऊ, तांबूस. मला विचारलं, ‘‘याचं होईल का?’’

त्याचं झालं. १८ सेंट. जावळाचा कार्बन कमी पडला, म्हणून भरीला साधं ग्राफाइट घालावं लागलं. किती घातलं ते ग्रॅममध्ये लिहून दिलं. त्यांच्याकडून एक पैसा घेतला नाही. तेव्हापासून नियम आहे, कोणाचाही सगळा कार्बन एका वेळी प्रेसमध्ये जाणार नाही, निम्मा कपाटात राहील. हा नियम आधीच करायला हवा होता, ही चूक माझी. मोटाभाई असते तर त्यांनी केला असता.

ॲन्व्हिलचा खर्च, थांबलेल्या अठरा ऑर्डरी, बँकेचे हप्ते. लोक पैसे परत मागायला लागले. तेव्हा बाई शहाद्याहून येऊन आमच्या ऑफिसात आठ दिवस बसल्या. फोन आला की माझ्या हातातून घ्यायच्या आणि शाळेतल्या आवाजात सांगायच्या, ‘‘मी चौदा महिने थांबले होते. माझ्या बोटात आहे तो हिरा, दाखवते हवा तर.’’ अठरापैकी तेरा ऑर्डरी टिकल्या त्या त्यांच्यामुळे.

प्रेस पुन्हा सुरू होतो न होतो तोच दुसरं संकट. आमच्याकडेच ऑर्डरी आणायचं काम करणाऱ्या एकाने स्वतःचं दुकान टाकलं. निम्म्या भावात, पंधरा दिवसांत, पांढराशुभ्र हिरा. कोणाला खरं वाटू नये, पण लोकांना वाटलं. त्याच सुमारास लॅबग्रोनचे भाव कोसळायला लागले होते, कॅरेटच्या कॅरेट माल पडून होता. बाजारातला स्वस्त खडा घ्यायचा, रेशमी डबीत घालायचा, वर आजीचा फोटो लावायचा. बाकी काही करायची गरजच नाही.

त्याचा एक ग्राहक, जळगावचे गृहस्थ, मनात शंका धरून माझ्याकडे आले. मी सर्टिफिकेट मागितलं. त्यावर वाढीची पद्धत स्वच्छ छापलेली होती, सीव्हीडी, म्हणजे मिथेन वायूपासून थर चढवून वाढवलेला. आणि ह्यांना सांगितलेलं काय, तर अस्थी प्रेसमध्ये दाबून हिरा केला. त्या माणसाकडे प्रेस नाही, राखेच्या कार्बनचा वायू करायची सोयही नाही. त्यांच्या अस्थींचं काय झालं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, मला. काय सांगणार?

तक्रार करा म्हटलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नको म्हणाले. असे चार जण आले, चौघेही तेच म्हणाले. तो माणूस आजही धंद्यात आहे, त्याचा बोर्ड आमच्यापेक्षा मोठा आहे, आणि आमच्या दरावरून लोक आम्हालाच लुटारू म्हणतात. मला याचा राग येतो, तो मी लपवत नाही.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. सगळ्या अस्थी कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. देताना घरच्या काट्यावर वजन करा, सही घ्या. कोळसा परत मागा, जो देत नाही त्याच्याकडून उठून या. पंधरा दिवसांत देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. सर्टिफिकेटवरची वाढीची पद्धत वाचा. घरात म्हातारं माणूस असेल तर केस कापल्यावर चिमूटभर कागदात बांधून ठेवा, अशुभ काही नाही त्यात. आणि नव्याने या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, जुना प्रेस घेताना ॲन्व्हिल भिंगाखाली बघा. केसाएवढी चीर असली तरी घेऊ नका. आम्ही घेतला होता.

मागच्या दिवाळीत बाई आल्या होत्या. आता काठी घेऊन चालतात. पाकिटातून स्वतःच्या पांढऱ्या केसांची जुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘माझाही नंबर टाकून ठेव. सरांच्या शेजारी.’’ मी काट्यावर ठेवली, चार ग्रॅम भरली. रजिस्टरमध्ये लिहिलं, त्यांनी सही केली, मी केली. सरांची पुडी १ नंबरची, तिच्यात त्यांचा थोडा कार्बन अजून शिल्लक आहे. तिच्या उजव्या बाजूची जागा मी मोकळी केली.