जवसाचं तेल, रतनजोत आणि तळहात : आमची वाटचाल

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. निकालानंतर त्या मालकांच्या हाती परत येतात आणि पुढचा महिनाभर आमच्या नागपूरच्या दुकानात उसंत नसते. नळीला गंज चढलेला असतोच, पण माझी नजर आधी दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागावर जाते. कुणाचा कोरडा पडून पांढरट झालेला, कुणाच्या पकडीवर बुरशी. आज आमचं निम्म्याहून जास्त काम लाकडाचं आहे.

वडिलांनी दुकान काढलं ते लोखंडाच्या कामासाठी. घोडा, कमानी, खटका यांत त्यांचा हात बसलेला. गिऱ्हाइकं मालगुजार घराण्यांतली, विलायती दुनळ्या घेऊन येणारी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि कामं घटत गेली. थांबली ते चांगलंच झालं, असं वडीलही म्हणत. राहिले ते रानडुकरांपासून पीक राखणारे शेतकरी, बँकांचे पहारेकरी आणि आजोबांची बंदूक वारशाने आलेली मंडळी.

मी दुकानात बसू लागलो तेव्हा लोकांना चकाकी हवी होती. मी दस्त्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारू लागलो. दोन दिवसांत काम हातावेगळं, दस्ता आरशासारखा. वडिलांनी एकदाच विचारलं, "याला ओरखडा पडला तर त्या माणसाने घरी काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन पावसाळ्यांनी ते समोर आलं. बारीक ओरखड्यांतून पाणी आत शिरलं, पापुद्रे सुटले. असा थर जागच्या जागी जोडता येत नाही, सगळा खरवडावा लागतो. अकरा दस्ते मी पदरच्या पैशाने पुन्हा केले. वडिलांच्या पद्धतीने, जवसाच्या तेलात.

जवस म्हणजे आमच्याकडे चटणी. पण त्याचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, लाकडाच्या रंध्रांत बसतं. म्हणून ते दस्त्याला चालतं. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं चालत नाही, ते ओलंच राहतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या डबल बॉइल्ड तेलात सुकवणारी रसायनं असतात. आम्ही घाणीचं कच्चं तेल आणतो, रुंद तोंडाच्या बरणीत भरून फडकं बांधतो आणि वैशाखभर गच्चीवर उन्हात ठेवतो. गाळ खाली बसतो, तेल मधासारखं दाट होतं आणि लवकर सुकतं. विलायती अक्रोडाच्या दस्त्यासाठी त्यात रतनजोत भिजत घालतो. स्वयंपाकात रश्शाला लाली आणणारी मुळी तीच; तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलातच उतरतो. इंग्लंडचे जुने कारागीरही अशाच एका मुळीने दस्ते रंगवत.

हात द्यायचा तो दोन-तीन थेंबांचा. तळहाताने लाकूड ऊन होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं. जुना ठोकताळा असा : आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा, मग दरवर्षी एकदा. जास्त तेल ओतणारे फार भेटतात. जाड थर चिकट राहतो, धूळ धरतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. पकडीवरच्या नक्षीत जुन्या टूथब्रशने जेमतेम तेल. खांद्याला टेकणाऱ्या टोकावरची पट्टी, म्हणजे बटप्लेट, उघडून आतलं कापलेलं टोक मात्र भरपूर पाजायचं. ओल सगळ्यात जास्त तिथूनच आत जाते. गावच्या सुताराने बसवलेला सागवानी दस्ता असेल तर धीर धरावा लागतो, सागाच्या अंगच्या तेलामुळे जवस लवकर सुकत नाही. खड्डा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवतो. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात.

एका संध्याकाळी तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकली गेली आणि तासाभरात धूर निघाला. तेल सुकताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते. तेव्हापासून प्रत्येक फडकं दोरीवर पसरून वाळवायचं, असा दुकानाचा नियम आहे.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. घोडा-खटक्याच्या यंत्राला लावलेलं खनिज तेल बंदूक उभी ठेवली की हळूहळू दस्त्याच्या तोंडात उतरतं. लाकूड काळं, भुसभुशीत होतं आणि बारच्या धक्क्याने चिरतं. तेल लावल्यावर बंदूक रात्रभर नळी खाली करून ठेवा. मुरलेलं तेल आम्ही खडूच्या पुडीचा लेप देऊन, ऊब दाखवून ओढून काढतो; आठ-आठ दिवस लागतात.

आता शेवटचा हात मालकाकडूनच देववतो. जाताना तेलाची छोटी बाटली सोबत. "मग लोक परत कशाला येतील?" असं बायकोने विचारलं होतं. येतात, शेजाऱ्याची बंदूकही सोबत पाठवतात. मागच्या आठवड्यात भंडाऱ्याकडच्या एका काकांनी आमच्या बाकावर बसून वडिलांच्या दुनळीला अर्धा तास तळहात चोळला. नोंदवहीत सही करताना बोटांचा लाल डाग कागदावर उमटला. पाऊस संपला की दस्ता दाखवायला आणतो म्हणाले.